चुनीचं पाणी

जळगाव, ११ जुलै १९६७

श्रीमती कुंदाबाई भंगाळे,
प्रयोगशाळा, खळ खातं, कापड गिरणी, धुळे, यांस —

आपली छापील चिठ्ठी पावली. "नमुना पातळ. नामंजूर." चार महिन्यांच्या कामावर तीन शब्द, म्हणजे महिन्याला एक शब्दही नाही. गिरणीत कागदाची टंचाई असावी. खालच्या सहीचं वळण मात्र ओळखीचं निघालं. ते तुझ्याकडून पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं, आणि तेव्हा तुझी आई म्हणाली होती, जीवराम, पोरीची बोटं मोडशील.

तेव्हा आता सरकारी थाट पुरे. चि. कुंदास, मामाचे आशीर्वाद.

तुला गिरणीत नोकरी लागल्याचं ठाऊक होतं. आमच्या बरण्या तुझ्याच टेबलावर येणार, हे मात्र खळमास्तर चुडामणरावांनी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बरणीवरचं लेबल तरी सरळ चिकटवलं असतं.

शेडमध्ये काही बदललेलं नसेल असं तुला वाटत असेल, तर ते खरं आहे. स्टेशनावर वॅगन वेळेवर येत नाहीत, केळी धक्क्यावरच पिकून फुटतात, ती हिलाल हातगाडीवर घालून आणतो. गर शिजवायचा, गाळायचा, पिंपात भरायचा. घेवरचंद शेठच्या डाळमिलमधून तुरीची चुनी, म्हणजे डाळीचा चुरा येतो, त्याचं उकळलेलं पाणी वरून. मग तुझ्या बापाच्या भुईमुगाच्या बुडख्याशी तुला सापडलेली ती पांढरी बुरशी सोडायची, पंपानं खालून वारा द्यायचा आणि वाट बघायची. बुरशीनं केळ्याची साखर खाऊन तिचा चिकट गोंद करावा, त्या गोंदाची खळ गिरणीनं सुताला लावावी, असा बेत. माणसं रेशनच्या रांगेत लाल मिलो ज्वारीसाठी उभी असताना मक्याचं पांढरंशुभ्र सत्त्व सुताला पाजायचं, हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आताही पटत नाही. ह्यासाठी मी कॉलेजची बावीस वर्षांची नोकरी सोडली. बाकीचे ती पेन्शनसाठी धरून ठेवतात.

शेठनी परवा बोलावून सांगितलं. गिरणी तीन नमुने बघणार. तिन्ही पडले तर शेडमध्ये दिवाळीनंतर तुरीची पोती लागतील. एक पडला.

का पडला, ते तुझ्या तीन शब्दांत नाही. मी काही कमी केलेलं नाही. रोज सकाळी चुनीच्या पाण्याचं एक डावलं न चुकता घातलं. पिंपात बुरशी अशी माजली होती की कापसाची गादी भरावी. रस तेवढा पाण्यासारखा. तू म्हणशील, मी सांगितलं होतं. सांगितलं होतंस खरं. पण उपाशी पोटी कोणी काम करत नाही, हे मी चार जिल्ह्यांतल्या मास्तरांवरून सांगू शकतो.

आणि तो साप्ताहिकातला लेख अजून मनात ठेवला असशील तर तो काढून टाक. अकरा ओळींची गंमत होती. माझ्या 'वाकडं माप' या सदरात सरळ काही छापत नाहीत, हे गावाला माहीत आहे.

तुझा
जीवराममामा

जळगाव, ६ ऑगस्ट १९६७

चि. कुंदास,

दुसरी चिठ्ठी आली. तेच तीन शब्द. रबरी शिक्का करून घे, शाई वाचेल.

या खेपेला मात्र मला तुझी चिठ्ठी वाचून बरं वाटलं, आणि ते का, ते सांगतो. हा दुसरा नमुना माझा नव्हताच. तुझा होता. तुझी वही कपाटातून काढली. त्यात तू काय लिहून ठेवलं आहेस? डाळीचं सत्त्व भरपूर मिळालं की बुरशी नुसती अंगानं वाढते, गोंद करत नाही. ते सत्त्व संपलं आणि साखर उरली, की वाढता येत नाही म्हणून साखरेचा गोंद करून भोवती गुंडाळते. ठीक. बाईसाहेबांचा हुकूम म्हणून मी सुरुवातीला चुनीचं पाणी जेमतेम घातलं आणि नंतर थेंब नाही. रोजचं डावलं बंद. हिलालला सांगितलं, पिंपाजवळ मी जरी डावलं घेऊन आलो तरी मला हाकल. तो साक्रीकडचा माणूस, हसला नाही, नुसती मान हलवली.

दहा दिवसांनी पिंप उघडलं. तीच गादी. तेच पाणी. वास तर असा, की वाटीत घेऊन भातावर घालावं.

म्हणजे दोन वर्षं तू ज्यासाठी माझ्याशी वाद घातलास, शेठसमोर "मामा, तुमचं माप चुकतंय" म्हणालीस, तो सिद्धांत तुझ्याच टेबलावर, तुझ्याच हातानं नापास झाला. मला आनंद झालेला नाही. थोडा झाला. पण शेड जाणार आहे ती तुझी नाही, माझी जाणार आहे, त्यामुळे तो टिकला नाही.

काल तुझी आई आली होती. तुझ्यासाठी मेतकूट घेऊन धुळ्याला जाणारं कोणी आहे का विचारायला. माझ्याकडे बघून बोलत नव्हती, भिंतीकडे बघून बोलत होती. मी म्हटलं, धुरपदा, एका गमतीच्या लेखाचं किती दिवस चालणार? तर भिंतीला म्हणाली, "त्यानं लिहेल ते आख्ख्या तालुक्यानं वाचलं. आता म्हणतो गंमत व्हती."

तिला ते एक वाक्य लागलं आहे: 'ज्या घरात ही मुलगी पडेल, त्या घरात चुलीला कायमची सुट्टी.' ते बुरशीला उपाशी ठेवण्याबद्दल होतं. कोणी मुलगी, कोणाचं घर, असं काही नावानिशी नव्हतं. नाव मी घातलं नव्हतं, एवढं तरी लक्षात घे.

एक नमुना उरला आहे. तुझ्या वहीत आणखी काही असेल, जे मी वाचलेलं नाही, तर कळव. चिठ्ठीवर चौथा शब्द चालेल.

जीवराममामा

जळगाव, २० ऑगस्ट १९६७

कुंदा,

तू कळवलं नाहीस. पण मला कळलं आहे. कसं, ते वाच आणि हवं तर हस. इथं हसण्याचा मक्ता माझ्याकडे होता, तो मी सोडतो आहे.

गुरुवारी रोजच्यापेक्षा तासभर आधी शेडवर गेलो. पुढच्या खेपेसाठी बुरशी राखलेल्या पिंपाचं झाकण उघडं, आणि समोर शेठच्या आई, लाडकुंवरबाई. पदर डोक्यावर, हातात पितळी डावलं, त्यातून वाफ येतेय. मी दारातच उभा. त्यांनी शांतपणे ते चुनीचं पाणी पिंपात सोडलं, झाकण लावलं, झाकणाला हात लावून नमस्कार केला आणि वळल्या. मला बघून दचकल्यासुद्धा नाहीत.

हिलालला बाजूला घेऊन विचारलं, हे कधीपासून? म्हणाला, "आजी रोज सकाळे येस. दायनं पानी टाकस नि जास. बठ्ठास्ले माहीत शे." सगळ्यांना माहीत, मग मला का सांगितलं नाहीस? तर म्हणतो, "तुम्ही सांगेल व्हतं, तुमले हाकलानं. आजीनं नाव कोठे लेयेल व्हतं?"

म्हणजे दुसरा नमुना तुझा नव्हता. लाडकुंवरबाईंचा होता. मी गेल्या पत्रात जे काही लिहिलं ते परत घेतो. ते पत्र जाळ. ठेवलं असशील तर.

बाईंना विचारलं. चाळीस वर्षं जळगावात राहून त्यांची मराठी अजून मारवाडातल्या गावीच मुक्कामाला आहे. म्हणाल्या, "मास्तर, पिंपात जीव आहे ना?" आहे म्हटलं. "जीव आहे तो फेर भूखो कियां राखो?"

त्यांच्या घरी शिळं चालत नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, दिवेलागणीनंतर जेवत नाहीत. शेठ म्हणतात, बुरशी धंद्यात चालते, ताटात नाही. पण आई ती, तिनं ऐकलं की शेडमध्ये मास्तरांनी एका जिवाला खाणं बंद केलं आहे. मिलमध्ये चुनी पोत्यांनी पडलेली. तिनं डावलं उचललं. पाखरांना ज्वारी टाकायची, गाईला भाकरी द्यायची आणि मग शेडकडे यायचं, असा त्यांचा सकाळचा क्रम आहे.

मी त्यांना समजावून सांगितलं. बावीस वर्षं शिकवलेला माणूस, फळ्याशिवायही शिकवता येतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पेट भरने पर काम नहीं करता, ये तो सगळे सेठ लोग बोलते मजूर के बारे में." घेवरचंद शेठ शेजारीच उभे होते. ते छताकडे बघू लागले.

मग त्यांना म्हटलं, तुम्ही तरी आईला सांगा. शेठ म्हणाले, "मास्तर, आईला नाही म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा. माझ्याच्यानं पन्नास वर्षांत झालेलं नाही."

तर आता असं. २८ तारखेला तिसरं पिंप लावतो. मी जेमतेम घालीन आणि बाई पोटभर घालतील. तिसरा नमुनाही पातळ होणार हे मी तुला आजच लिहून देतो, तू चिठ्ठी तयार ठेव. दयेनं मरायचं होतं, सरकारी खात्यानं मेलो असतो तर लेख तरी झाला असता.

एक राहिलं. तुझ्या आईनं जाताना पुन्हा सांगितलं ते मी गेल्या पत्रात गाळलं. फैजपूरच्या लोकांनी तुझी पसंती कळवून मग फिरवली, तेव्हा कारणाच्या जागी माझ्या सदराचं कात्रण पाकिटात घालून पाठवलं होतं. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसतं कात्रण. हे मला तिनं त्या दिवशी प्रथमच सांगितलं असं मी म्हणू शकलो असतो. तिनं मागच्या वर्षीच सांगितलं होतं.

जीवराम

जळगाव, १२ सप्टेंबर १९६७

कुंदा,

सोबत हिलालबरोबर तिसरी बरणी पाठवली आहे. झाकण उघडून बरणी आडवी कर. सांडायची भीती नको. ओघळायलाही खळ वेळ घेईल.

झालं ते असं. पिंप लावल्यावर लाडकुंवरबाई पहिल्या काही सकाळी आल्या आणि डावलं घालून गेल्या, असं हिलाल म्हणतो. मग आल्या नाहीत. जैनांचं पर्युषण लागलं होतं. डाळमिल आठ दिवस बंद, बॉयलरमध्ये निखारा नाही, चुनीचा कण नाही. बाईंनी अठाई धरलेली, म्हणजे आठ दिवस गरम पाण्यावर. घराबाहेर जैन स्थानकापर्यंत, प्रार्थनेला, तेवढंच. हिलालनं पंप चालू ठेवला, कारण त्याला कोणी बंद कर म्हणालं नाही. मी शेडवर जात नव्हतो. पडणाऱ्या भिंतीपाशी जाऊन उभं कशाला राहायचं?

तुझ्या बुरशीनंही अठाई केली. आठ दिवसांनी मी काठी घेऊन पिंप ढवळायला गेलो तर काठी उभी राहिली. मी हात काढला तरी उभी. हिलाल म्हणाला, "मास्तर, काय व्हयनं?" मी बोट बुडवून चाखलं.

गादी पातळ होती, रस जाड होता. साखर अजून जिभेला लागत होती, डाळीचा वास कुठेच नव्हता. तुझ्या वहीतलं वाक्यन् वाक्य पिंपात वाचता येत होतं.

पुढचं काम उकळायचं. उकळल्याशिवाय रस गाळता येत नाही आणि उकळलं की बुरशी मरते. पर्युषणाच्या शेवटच्या, संवत्सरीच्या दिवशी ते करणं शक्यच नव्हतं, पारणं होईपर्यंत थांबलो. पारण्याच्या दिवशी दुपारी लाडकुंवरबाई आल्या. आठ दिवसांत अर्ध्या झाल्या होत्या, सुनेच्या खांद्यावर हात. त्यांनी विचारलं, "आता याचं काय करनार?" मला खोटं सांगता आलं असतं. सांगितलं, उकळणार.

त्यांनी सुनेच्या खांद्यावरचा हात काढला. मग पिंपासमोर हात जोडून म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." माझ्याकडून झालेलं वाईट निष्फळ होवो, असा त्याचा अर्थ. संवत्सरीला ते लोक एकमेकांना म्हणतात, वर्षभरातल्या सगळ्याबद्दल. पिंपाला म्हणून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि मलाही म्हणाल्या. "मास्तर, तुमचा काम मैंने बिगाड्या. मने मालूम नव्हता."

सत्तर वर्षांची बाई आठ दिवस उपाशी राहून एका बुरशीची क्षमा मागते. मी एकोणपन्नास वर्षांचा, दोन्ही वेळ जेवून, तुला चौथं पत्र लिहितो आहे आणि तीन पत्रांत ती जागा चुकवत आलो.

तर ऐक. तो लेख गंमत नव्हता. फैजपूरचे लोक त्या आठवड्यात येणार आहेत, हे मला ठाऊक होतं. तुझ्या आईनंच चहाचे कप मागायला येऊन सांगितलं होतं. आदल्या शनिवारी तू शेठसमोर म्हणाली होतीस, मामा, तुमचं माप चुकतंय. शेठनी तुझ्याकडे बघितलं होतं, माझ्याकडे नाही. मी घरी आलो आणि अकरा ओळी एका बैठकीत लिहिल्या. इतका चांगला लेख माझ्याकडून त्या वर्षात झाला नव्हता. संपादक हसले, मी हसलो. नाव घातलं नाही ते सौजन्य म्हणून नाही, नावाची गरज नव्हती म्हणून. जळगावात बुरशी पाळणारी दुसरी मुलगी कोण होती?

हे तुझ्या आईला मी सांगितलेलं नाही. तू सांगितलंस तर मी नाही म्हणणार नाही.

साप्ताहिकात लिहून दुरुस्ती करायची म्हणून बसलो. प्रत्येक वेळी चौथ्या ओळीला विनोद येतो. अखेर तीन ओळी काढून दिल्या: मी हिणवलं ती मुलगी बरोबर होती, तिचं नाव कुंदा सुपडू भंगाळे, चूक माझी. संपादक म्हणाले, यात हसायचं कुठं? मी म्हटलं, कुठंच नाही. परवाच्या अंकात आलं आहे, बाजारभावाच्या खाली. गावात कोणी त्याबद्दल बोललेलं ऐकलं नाही.

जीवराम

जळगाव, ५ ऑक्टोबर १९६७

कुंदा,

चिठ्ठी आली. "नमुना घट्ट. मंजूर." हिलालनं ती शेडमध्ये तीनदा वाचून घेतली. त्याखाली तू हातानं लिहिलं आहेस: चुनीचं पाणी कोणत्या दिवशी थांबवलं, नोंद नाही, कळवावे.

मला ठाऊक नव्हतं. पिंप माझं, शेड माझी, नोंदवही माझी, आणि मला ठाऊक नव्हतं. लाडकुंवरबाईंकडे जाऊन विचारलं. त्यांनी बोटं मोजली. उपवासाचं पच्चखाण, म्हणजे संकल्प, घेण्याच्या आदल्या सकाळी शेवटचं डावलं, म्हणजे तिसरा दिवस.

मग तुझी वही पुन्हा उघडली. तुझ्या हातात ते पान असावं म्हणून कापून सोबत पाठवतो. 'तीन दिवस पोटभर, मग काही नाही. साखर शेवटपर्यंत.' उपाशी ठेव असं तू कधी म्हणालीच नव्हतीस. आधी नीट वाढू दे आणि मग हात आवर, असं म्हणाली होतीस. लेखात चांगलं दिसेल तेवढंच मी ऐकलं. माझ्या पद्धतीनं जेमतेम घालून ठेवलं असतं तर बुरशीच उगवली नसती. बाईंनी तीन दिवस खायला घातलं म्हणून ती उगवली, आणि त्या आल्या नाहीत म्हणून गोंद झाला. यात माझा वाटा एवढाच की मी घरी बसलो. पानाच्या कडेला लाल शाईत 'बालिश' लिहिलेलं आहे. ते अक्षर माझं.

आता वाईट बातमी. गिरणीनं करारासाठी कागद पाठवला, त्यात एक रकाना होता: पद्धत कोणाची. मी तुझं नाव लिहिलं. चुडामणराव उलट टपाली विचारतात, पद्धत जिची तिनंच नमुना पास केला, हे कसं? त्यांचं चूक नाही. आता बरणी मुंबईच्या प्रयोगशाळेत जाणार, आणि तिच्यासोबत त्याच पद्धतीचं दुसरं पिंप लावून त्याचाही नमुना मागितला आहे. तोपर्यंत करार नाही.

शेठ संतापले. म्हणाले, "मास्तर, नाव नसतं टाकलं तर काय बुडत होतं?" मी म्हटलं, आजवर नव्हतं टाकलं, त्यात दोन नमुने बुडाले. दिवाळीची मुदत मात्र पुढे सरकली नाही. तुरीची पोती ठरलेल्या दिवशीच येणार.

तुला चुडामणरावांनी बोलावून काही विचारलं असेल, चार लोकांत बोलले असतील, तर तेही माझ्यामुळेच. नाव लिहिण्याआधी तुला विचारायला हवं होतं. पुन्हा तेच केलं, विचारायच्या आधी ओतलं.

शेवटचं पिंप सोमवारी लावायचं आहे. तुझ्या टेबलावर आता आमच्या बरण्या येणार नाहीत, त्यामुळे तू इथं यायला कोणाची हरकत राहिलेली नाही. तुझी असेल, तर ती योग्य आहे. शेठना मी सांगून ठेवलं आहे की माप तू ठरवशील, आणि तू नाही आलीस तर या पानाची नक्कल कोणाकडून तरी वाचून घेऊन हिलाल ठरवेल. मी नाही. लाडकुंवरबाईंना तीन सकाळी डावलं घालायची परवानगी दिली आहे. चौथ्या सकाळी येऊ नका, हे त्यांना कोणी सांगायचं यावर शेठचा आणि माझा वाद चालू आहे. तू आलीस तर तू सांग, तुझं त्या ऐकतील.

आणि चौथ्या दिवसापासून शेडची किल्ली तुझ्याकडे ठेव. मी कितीही मागितली तरी देऊ नकोस.

पत्र इथंच थांबवतो. यात आणखी काही घातलं तर पातळ होईल.

मामा